शेताचं पुन्हा माळरान करायचंय? आधी जमिनीतलं स्फुरद उतरवा

सासवड, बारामती, सोलापूरकडचा माळ ओसाड नाही, तो सव्हाना, म्हणजे विरळ झाडांचं गवताळ रान आहे. कुसळी, पवन्या, शेडा ही गवतं आणि अधूनमधून हिवर-बोर, सगळी हलक्या जमिनीत रुळलेली. मुळांवरची बुरशी त्यांना स्फुरद (फॉस्फरस) मिळवून देते. खतामुळे ते आयतं मिळू लागलं की ही जोडी सैल पडते आणि भराभर वाढणारं तण पुढे जातं. ब्राझीलच्या सेराडो सव्हानात शास्त्रज्ञांनी नत्र-स्फुरद घालून पाहिलं, तेव्हा आफ्रिकेतून आलेलं गवत माजलं आणि देशी गवतं मागे हटली.

आधी माती तपासा. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची 15 सेंमी खोलीपर्यंतची माती घ्या आणि एकत्र करा. शेजारच्या कधीच न नांगरलेल्या माळाचा नमुनाही वेगळा द्या, कारण तुम्हाला गाठायचा आकडा तोच. जमीन चुनखडीची असेल, तर प्रयोगशाळेला स्फुरद ओल्सन पद्धतीनं मोजायला सांगा. उपलब्ध स्फुरद हेक्टरी 25 किलोच्या वर असेल, तर ते जास्त समजा.

मग डीएपी, सुपर फॉस्फेट, शेणखत, सगळं बंद. रोप लावताना खड्ड्यात टाकायची मूठसुद्धा नको.

खरं काम यापुढचं, आणि ते सावकाशीचं. नत्रासारखं स्फुरद हवेत उडून जात नाही. ते पिकातूनच बाहेर न्यावं लागतं. डीएपीच्या 50 किलोच्या एका पोत्यात सुमारे 10 किलो शुद्ध स्फुरद (P) असतं, आणि टनभर वाळल्या गवतातून जेमतेम एक-दोन किलो निघतं. म्हणून दोन-तीन वर्षं बिनखताची ज्वारी घ्या, कणसं आणि कडबा दोन्ही बाहेर न्या. नंतर दरवर्षी गवत कापून विका. जाळू मात्र नका, राखेतलं स्फुरद जागेवरच राहतं.

धनगरांची मेंढरं दिवसा इथे खुशाल चरू द्या, पण रात्री वाडा दुसऱ्याच्या शेतात बसवायला सांगा. लेंड्यांबरोबर स्फुरदही तिकडे जातं, आणि त्या शेतकऱ्याला ते हवंच असतं. मला हा उपाय सगळ्यांत आवडतो.

दिवाळीनंतर जवळच्याच माळावरचं पिकलेलं बी थोडं थोडं गोळा करा. पुढच्या पावसाच्या तोंडावर ते आधी सर्वांत हलक्या तुकड्यात फेका. गाजरगवत दिसलं, तर फुलण्याआधी उपटा.