अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनींसाठी पुरस्कार : निवड कशी करावी, घोटाळा कुठे होतो

विद्यापीठात अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनींसाठी पुरस्कार सुरू करायचे ठरले, की पहिली बैठक बहुधा दोनच गोष्टींत संपते: रक्कम किती आणि पाहुणे कोण. निकष ‘सर्वांगीण गुणवत्ता’ एवढ्या दोन शब्दांत उरकले जातात. पुढे समितीसमोर वीस फायली येतात आणि त्या कशाने मोजायच्या हे कुणालाच माहीत नसते. मार्कांचा आकडा तेवढा हाताशी असतो. मग तोच वापरला जातो आणि पुरस्कार टॉपरला जातो. टॉपरसाठी सुवर्णपदक आधीपासूनच असते. त्याच कामासाठी वेगळी समिती नेमायचे काही कारण नाही. हा पुरस्कार द्यायचा तो कामाला: ड्रॉइंगला, सर्किटला, कोडला, चाचणीच्या नोंदींना. पुढची सगळी व्यवस्था हे काम परीक्षकांच्या नजरेस पडावे एवढ्यासाठीच आहे.

निकष आधी, नावे नंतर

निकष आणि त्यांचे गुण नामांकने मागवण्याआधी लेखी ठरवून जाहीर करा. ही औपचारिकता नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एरिक उलमान आणि जेफ्री कोहेन यांच्या प्रयोगात पोलीसप्रमुखाच्या पदासाठी पुरुष आणि स्त्री उमेदवारांची माहिती लोकांपुढे ठेवली होती. पुरुषाकडे शिक्षण जास्त असेल तर शिक्षण महत्त्वाचे ठरे, अनुभव जास्त असेल तर अनुभव. निकषांचे महत्त्व आधीच ठरवून घेतले, तेव्हा हा झुकाव नाहीसा झाला. आपल्या पुरस्कारात सगळ्या उमेदवार मुलीच असल्या तरी हीच घसरण दुसऱ्या वाटेने होते: आपल्या लॅबमधल्या मुलीकडे जे असेल तेच त्या दिवशी महत्त्वाचे वाटू लागते.

शंभरपैकी अशी विभागणी चालते: तांत्रिक काम ४५, त्यातला स्वतःचा वाटा २५, अभ्यासक्रमातले गुण २०, इतरांसाठी केलेले काम १०. शेवटच्या दहात ज्युनिअरना शिकवणे, लॅबची कार्यपद्धती लिहून ठेवणे, सुरक्षिततेची त्रुटी शोधून ती दुरुस्त करून घेणे अशा गोष्टी येतात. ‘शिस्तप्रिय’, ‘मनमिळाऊ’, ‘व्यक्तिमत्त्व’ हे शब्द निकषांत दिसले तर खोडा. त्यातून वागणुकीचे प्रमाणपत्र तयार होते, आणि शांत बसणारी मुलगी वर्कशॉपमध्ये वाद घालून डिझाइन बदलायला लावणारीच्या पुढे जाते.

नुसते ‘तांत्रिक काम, दहापैकी’ असे लिहून भागत नाही. दहापैकी किती म्हणजे काय, तेही लिहा. ३: दिलेली पद्धत नीट पार पाडली. ६: पद्धत जिथे अडली तिथे कारण शोधले, बदल केला आणि त्याचा परिणाम मोजून दाखवला. ९: प्रश्नच वेगळा मांडला, पर्याय तपासून एक निवडला आणि आपल्या उत्तराच्या मर्यादा स्वतःच लिहिल्या. या तीन खुणा ठरल्या की परीक्षकांमधले अर्धे मतभेद बैठकीआधीच मिटतात. बेरजेच्या वेळी दहापैकीचा हा आकडा ४५ वर आणायचा.

पदवीच्या आणि पीएचडीच्या विद्यार्थिनी एकाच गटात ठेवू नका. शोधनिबंधांच्या यादीपुढे तिसऱ्या वर्षाच्या मुलीचा प्रोजेक्ट कधीच उठून दिसणार नाही. दोन गट पुरेत. सहा-सात गट केले की पुरस्कार वाटून टाकल्यासारखा दिसतो. पात्रता वयावर न ठेवता पूर्ण केलेल्या सेमिस्टरवर ठेवा, म्हणजे आजारपणात किंवा बाळंतपणात वर्ष गेलेली विद्यार्थिनी आपोआप बाहेर पडत नाही. ‘एकही बॅकलॉग (नापास होऊन राहिलेला विषय) नसावा’ ही अटही विचार करून घाला. पहिल्या वर्षाच्या गणितात एकदा अडकलेली मुलगी चौथ्या वर्षी उत्तम यंत्र बांधू शकते.

नामांकन मागवताना

प्राध्यापकांनीच नाव सुचवायचे असा नियम ठेवलात तर मोठ्या, बोलक्या विभागांचीच नावे येतील. स्वतः अर्ज करायला आणि सहाध्यायीने नाव सुचवायला मोकळीक द्या. तरीही स्वतः अर्ज करायला अनेकजणी कचरतात. म्हणून मुदतीच्या दोन आठवडे आधी कोणत्या विभागातून किती नावे आली ते पाहा आणि शून्य असेल तिथल्या विभागप्रमुखांना थेट फोन करा. सामूहिक ई-मेलने हे काम होत नाही. प्रयोगशाळा सहायक आणि वर्कशॉपचे इन्स्ट्रक्टर यांनाही विचारा. संध्याकाळी सहानंतर लेथवर कोण असते, हे प्राध्यापकांपेक्षा त्यांना जास्त माहीत असते.

फॉर्म दोन पानांपेक्षा मोठा नको. त्यात ३०० शब्दांत कामाचे वर्णन, १५० शब्दांत ‘यात मी काय केले आणि काय केले नाही’, आणि जास्तीत जास्त तीन पुरावे. फोटो, आईवडिलांचा व्यवसाय, छंद हे काहीही विचारू नका.

‘काय केले नाही’ हा भाग महत्त्वाचा आहे. अभियांत्रिकीचे बहुतेक काम गटात होते, आणि चौघांच्या गटात रिपोर्ट लिहिणे, स्लाइड बनवणे, सगळ्यांना वेळेवर गोळा करणे ही कामे मुलींकडे सरकतात, हे कुठल्याही प्रोजेक्ट लॅबमध्ये दिसते. त्या कामांनाही मोल आहे, पण ती वेगळी मोजायची, नाहीतर परीक्षक दोन चुकांपैकी एक करतात: एकतर पूर्ण प्रोजेक्टचे श्रेय तिला देतात, किंवा ‘हिने रिपोर्टच लिहिला असेल’ असे गृहीत धरून तिचे डिझाइनही नाकारतात. पुरावा म्हणून सुधारणा क्रमांक असलेले ड्रॉइंग, लॉगबुकची पाने, चाचणीचा तक्ता, सर्किटचा आराखडा किंवा गिटमधला (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीतला) इतिहास चालेल. गिटमधल्या कमिटची, म्हणजे नोंदवलेल्या बदलांची, नुसती संख्या मात्र धरू नका. दोघींनी एकाच लॅपटॉपवर बसून लिहिलेला कोड एकीच्याच नावावर पडतो, आणि एका ओळीची दुरुस्ती तीन दिवसांच्या शोधानंतर सापडलेली असू शकते. कोणता भाग तिचा आणि त्यातली कोणती चूक तिने कशी शोधली, हे विचारा. गाईडकडून एका ओळीत दुजोरा घेतला की पुरे.

शिफारसपत्रे

एका अमेरिकन वैद्यकीय महाविद्यालयातली तीनशेहून अधिक शिफारसपत्रे तपासणारा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. स्त्रियांसाठीची पत्रे सरासरीने लहान होती, त्यांत कष्टाळूपणाचे शब्द जास्त होते आणि शंका पेरणारी वाक्येही जास्त होती. लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट असतेच असे नाही. हात त्या वळणाने जातो, इतकेच. म्हणून कोरे पत्र मागवू नका, तीन प्रश्न पाठवा: तिने घेतलेला एक तांत्रिक निर्णय सांगा. तो निर्णय का योग्य किंवा अयोग्य ठरला? तिच्याऐवजी दुसरे कुणी असते तर कामात काय वेगळे झाले असते?

फरक बघा. कोऱ्या पत्रात येते: ‘ती अत्यंत मेहनती व नम्र विद्यार्थिनी असून रेसिंग कारच्या टीममध्ये तिने मोलाचे सहकार्य केले.’ प्रश्नांच्या उत्तरात येते: ‘ब्रेकच्या चाचणीत मागची चाके लॉक होत नव्हती. तिने पेडलचे गुणोत्तर ४:१ वरून ५.५:१ केले, त्यामुळे पेडलचा प्रवास वाढला, तो पुन्हा बसवण्यासाठी मास्टर सिलिंडरची जागा बदलली. चारही चाके लॉक झाली.’ दुसऱ्या उत्तराला गुण देता येतात. पहिल्याला देता येत नाहीत.

ब्रँच वेगळी, मार्क वेगळे

वेगवेगळ्या ब्रँचचे ग्रेड सरळ शेजारी ठेवू नका. समजा, सिव्हिलच्या विद्यार्थिनीला ८.६ आहेत, तिच्या वर्गाची सरासरी ७.४ आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचे माप) ०.६. कॉम्प्युटरच्या विद्यार्थिनीला ९.१, वर्गाची सरासरी ८.५ आणि प्रमाण विचलन ०.५. सरासरीपासूनचे अंतर प्रमाण विचलनाने भागले, तर पहिलीचे उत्तर २.० येते आणि दुसरीचे १.२. कागदावर मागे दिसणारी मुलगी तिच्या वर्गात बरीच पुढे आहे. हा हिशेब त्या तुकडीतल्या सगळ्या विद्यार्थ्यांवर करा, फक्त मुलींवर नको. मेकॅनिकलच्या वर्गात सहाच मुली असतील तर सहाजणींच्या सरासरीला काही अर्थ उरत नाही. आकडे परीक्षा विभागाकडून मागवा, कारण विद्यार्थिनीला आपल्या वर्गाचे प्रमाण विचलन माहीत नसते.

परीक्षक आणि बेरीज

पाच परीक्षक ठेवा: दोन विद्यापीठाबाहेरचे, त्यांतला एक उद्योगातला. महिलांचा पुरस्कार आहे म्हणून सगळे काम महिला प्राध्यापकांवर टाकायची सवय सोडा; त्यांच्याकडे अशा समित्यांचा ढीग आधीच असतो. ज्याची विद्यार्थिनी यादीत आहे, त्याने तिच्या फायलीला गुण द्यायचे नाहीत आणि तिच्यावर चर्चा सुरू झाली की खोलीबाहेर जायचे. नुसते ‘मी तटस्थ आहे’ म्हणून बसून राहणे चालत नाही, कारण समोर बसलेल्या माणसाच्या विद्यार्थिनीला कमी गुण द्यायला सहकारी धजावत नाहीत.

पहिल्या फेरीत नाव, गाईड आणि लॅब झाकून फायली द्या. लहान विभागात प्रोजेक्टच्या नावावरूनच कोण ते कळते, तेव्हा हा उपाय अर्धाच पडतो; बाहेरच्या परीक्षकांसाठी मात्र तो पूर्ण लागू होतो.

तीसपर्यंत अर्ज असतील तर प्रत्येक परीक्षकाने सगळे वाचावेत. फाइलमागे वीस मिनिटे धरली तर तीस फायलींना दहा तास लागतात; हा आकडा परीक्षकांना होकार घेण्याआधीच सांगा. गुण घरून पाठवायचे, बैठकीत नव्हे, नाहीतर ज्येष्ठ प्राध्यापकांचा पहिला आकडा बाकीच्यांचा आकडा होऊन बसतो.

बेरजेत एक सापळा आहे. सगळ्यांनी सगळ्या फायली वाचल्या असतील तर कडक परीक्षकाने बिघडत नाही, कारण तो सगळ्यांनाच कमी देतो. बिघडते ते गुणांच्या पसाऱ्याने. चौघांनी ७ ते ८ च्या दरम्यान गुण दिले आणि पाचव्याने २ ते १० दिले, तर निकाल त्या एकट्याने लावला असे समजा. प्रत्येकाच्या गुणांवरही वरचाच, सरासरी आणि प्रमाण विचलनाचा हिशेब करा, किंवा गुणांऐवजी क्रमांक घेऊन त्यांची बेरीज करा. अर्ज जास्त असून फायली वाटून दिल्या असतील, तर एक फाइल किमान तिघांकडे जाऊ द्या. तिथे कडक परीक्षकाच्या वाट्याला आलेली मुलगी खरोखरच मागे पडते आणि हा हिशेब टाळून चालत नाही.

वरच्या पाचजणींना पंधरा मिनिटे बोलवा. सादरीकरण नको, प्रात्यक्षिक किंवा प्रश्नोत्तरे. ‘हेच काम पुन्हा करायचे झाले तर काय बदलशील?’ हा एकच प्रश्न स्लाइडच्या संचापेक्षा जास्त सांगतो. बरोबरी झाली तर काय करायचे, हेही आधी लिहून ठेवा: तांत्रिक कामाचे गुण जास्त असलेली पुढे, तरीही बरोबरी असेल तर पुरस्कार विभागून. आणि दर्जाचे काम आलेच नाही तर त्या वर्षी पुरस्कार न देण्याचा अधिकार नियमात ठेवा.

मानपत्र

अमेरिकेतल्या सोसायटी ऑफ विमेन इंजिनिअर्स या संस्थेने १९५२ साली आपला पहिला कामगिरी पुरस्कार मारिया टेलकेस यांना दिला, तो सौरऊर्जेच्या वापरातल्या कामासाठी. पुरस्कार कशासाठी होता, ते आजही एका ओळीत सांगता येते. मानपत्राची कसोटी हीच. ‘मुलगी असूनही’, ‘घर सांभाळून’, ‘पुरुषांच्या क्षेत्रात’ हे शब्द काढून टाका. काय केले, ते कसे मोजले आणि काय फरक पडला, एवढे ६० शब्दांत लिहा. मजकूर छापण्याआधी विद्यार्थिनीला दाखवा. नावाचे स्पेलिंग पदवीच्या नोंदीतलेच घ्या आणि निवेदकाला उच्चार आधी विचारून घ्यायला सांगा. बातमीत तिचा फोटो, गावाचे नाव किंवा संपर्क तिच्या लेखी संमतीशिवाय देऊ नका.

तारीख ठरवताना ८ मार्च, म्हणजे महिला दिन, आणि २३ जून, म्हणजे आंतरराष्ट्रीय महिला अभियंता दिन, या दोन तारखा सगळ्यांना सुचतात. पहिल्या दिवशी पुरस्कार इतर कार्यक्रमांच्या गर्दीत हरवतो, दुसरी तारीख अनेक विद्यापीठांत परीक्षा किंवा सुट्टीत येते. प्रोजेक्ट प्रदर्शनाचा दिवस बरा. काम शेजारीच टेबलावर मांडलेले असते आणि टाळ्या वाजवणाऱ्यांना कशाला वाजवतोय ते दिसते. त्या दिवसापासून मागे चौदा आठवडे मोजा: निकष जाहीर करायला दोन, नामांकनांना चार, कागदपत्रे तपासायला एक, वाचनाला तीन, मुलाखतींना एक, मंजुरी आणि छपाईला तीन. शेवटचे तीन आठवडे कमी करायचा मोह होतो. सह्या तिथेच अडतात.

रक्कम थेट खात्यात, कार्यक्रमानंतर तीस दिवसांच्या आत. खात्याचा तपशील निवड झाल्याच्याच दिवशी घ्या, कारण अंतिम वर्षाची मुलगी निकालानंतर विद्यापीठात सापडत नाही.

निवड न झालेल्यांना यादी लागण्याआधी दोन ओळींचे पत्र जाऊ द्या. त्यात एक ओळ तिच्या फाइलबद्दल हवी: ‘चाचणीचे तक्ते उत्तम होते, स्वतःचा वाटा स्पष्ट झाला नाही.’ तिसऱ्या वर्षातली मुलगी पुढच्या वर्षी तेवढाच भाग सुधारून परत अर्ज करते. परीक्षकांचे गुणतक्ते आणि निकषांची प्रत एका फाइलमध्ये ठेवून ती पुढच्या समितीच्या हाती द्या. अध्यक्षांच्या कपाटात राहिली तर पुढच्या वर्षीची पहिली बैठक पुन्हा रक्कम आणि पाहुण्यांपासून सुरू होते.