गणपतीच्या देखाव्यातली रेल्वे: इंजिन रुळावर ठेवण्याआधीची तयारी

घरच्या गणपतीपुढे रेल्वेचा देखावा मांडायचा असेल, तर इंजिनं माळ्यावरून निदान तीन आठवडे आधी खाली यायला हवीत. पुठ्ठ्याचा बोगदा एका रात्रीत होतो. वर्षभर पडून राहिलेल्या इंजिनाचा झिजलेला कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज देणारा कार्बनचा तुकडा) किंवा तडकलेला गिअर एका रात्रीत मिळत नाही. वायर, सोल्डर, श्रिंक स्लीव्ह, क्रोकोडाइल क्लिपा पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतील. नेमक्या दातांचा गिअर बहुतेक वेळा परदेशातून मागवावा लागतो, आणि कस्टम्सला आपला मुहूर्त ठाऊक नसतो.

पुढचं सगळं दोन रुळांवर १२ व्होल्ट डीसीने चालणारी एचओ आणि ओओ या मापांची मॉडेल इंजिनं धरून लिहिलं आहे. प्रमाण वेगळं, एकाचं १:८७ आणि दुसऱ्याचं १:७६, पण रुळांतलं अंतर, म्हणजे गेज, दोन्हींत १६.५ मिमी. (आपला ब्रॉडगेज १:८७ मध्ये १९ मिमीच्या वर जातो. म्हणजे इंजिनाला भारतीय रेल्वेचा रंग चढवला तरी खालची चाकं परक्याच गेजची. दर्शनाला येणाऱ्यांत हे ओळखणारा एखादाच असतो आणि तो नेमका आरतीच्या वेळी बोलतो.) ९ मिमी गेजच्या एन इंजिनांना नियम हेच, फक्त करंट कमी आणि बोटं जास्त बारीक लागतात.

एक गोष्ट आधीच ठरवून टाका: दोष कुठे आहे हे कळेपर्यंत इंजिन उघडायचं नाही. ‘बिघडलं’ म्हणून हातात येणाऱ्या इंजिनांतली बरीचशी मुळात मळलेली असतात, आणि उघडण्याच्या घाईत खरी मोडतोड होते. बॉडीचे प्लॅस्टिकचे आकडे तुटतात, दिव्याची केसासारखी तार निघून येते, ब्रशची स्प्रिंग उडून सोफ्याखाली जाते. म्हणून आधी दोषाचे दोन तुकडे करा. रुळात की इंजिनात? इंजिनात असेल तर विजेचा की यंत्राचा? याचं उत्तर देणारं हत्यार म्हणजे करंट मोजणारा साधा मल्टिमीटर. स्क्रू ड्रायव्हर त्याच्या नंतर.

टेबल खिडकीजवळ घ्या आणि त्यावर फिकट रंगाचा जाड टॉवेल पसरा. त्यात पडलेला स्क्रू घरंगळत नाही आणि दिसतोही. इंजिन उलटं ठेवायला फोममध्ये खाच कापून पाळणा करा. घड्याळजीचे स्क्रू ड्रायव्हर, बारीक चिमटा, इअरबड, लाकडी टूथपिक, जुना टूथब्रश, आयसोप्रोपिल अल्कोहोल, सुईच्या टोकाने थेंब सोडता येईल असं प्लॅस्टिकला न खाणारं हलकं तेल आणि गिअरसाठी तसंच ग्रीस एवढं हाताशी हवं. गंज सोडवायचा स्प्रे लांब ठेवा, आणि खोबरेल तेल तर इंजिनाच्या आसपासही नको. थंडीत ते थिजतं, वर्षभरात चिकट होतं, आणि मग गिअर ग्रीसमध्ये नव्हे, डिंकात फिरतो. सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं पुरे. ब्रश काढायची वेळ आलीच तर इंजिन आणि दोन्ही हात एका मोठ्या पारदर्शक पिशवीत घालून काढा. स्प्रिंग उडाली तरी पिशवीतच राहते. प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढत चला.

वीज देण्याआधी नुसतं बघून घ्या. कंट्रोलर (रुळांना वीज देऊन वेग ठरवणारा डबा) अमेरिकेतून आला असेल तर त्याच्या मागची पट्टी वाचा. १२० व्होल्ट लिहिलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये नुसता अडॅप्टर पिन लावून खुपसला तर पुढची तपासणी करायला काही उरत नाही. भाचा किंवा मुलगी तिकडून सेट पाठवते त्या घरांत हे पहिल्यांदा तपासावं. जुन्या इंजिनाची चेसिस जस्ताच्या मिश्रधातूची असेल तर तिच्यावर बारीक भेगा, फुगवटा किंवा वाकलेपणा दिसतो का तेही पाहा. ओतकामात शिसं मिसळलेलं असलं की हा धातू वर्षानुवर्षं आतून फुटत राहतो, आणि त्यावर औषध नाही. असं इंजिन स्टेशनात उभं करा, धावायला दुसरं घ्या.

आता करंट. मल्टिमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला आणि मीटर कंट्रोलर व रूळ यांच्यामध्ये सीरिजमध्ये जोडा. काम झालं की लाल वायर लगेच मूळ जागी. ती तिथेच विसरून कुणी व्होल्टेज मोजायला गेलं की थेट शॉर्ट होतो. चांगल्या स्थितीतलं आजकालचं एचओ इंजिन एकटं धावताना साधारण ०.१ ते ०.३ अँपिअर घेतं. जुनी, उघड्या मोटरची इंजिनं अर्ध्या अँपिअरपर्यंत जातात. कंट्रोलर हळूहळू उघडा आणि इंजिनापेक्षा मीटरकडे बघा. काटा शून्यावरच असेल तर वीज मोटरपर्यंत पोचतच नाही: रूळ, पिकअप (चाकांवरून वीज घेणारी पट्टी), तुटलेली तार, अडकलेला ब्रश. करंट नेहमीएवढा, मोटरची गुणगुण ऐकू येते, पण चाकं स्तब्ध असतील तर मोटर निर्दोष आहे आणि वर्म (मोटरच्या दांड्यावरचा स्क्रूसारखा गिअर) सुटला आहे किंवा गिअर ॲक्सलवर नुसता घसरतो आहे. करंट एकदम चढला आणि इंजिन हललंच नाही, तर काहीतरी जाम आहे किंवा शॉर्ट आहे. दोन-तीन सेकंदांच्या वर तसं ठेवू नका. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला करंट एका ठरावीक जागी वर जात असेल तर दोष यांत्रिक: वाकलेला कनेक्टिंग रॉड, गिअरच्या दातात अडकलेला कण. आणि आकडे काही ताळमेळ न ठेवता उड्या मारत असतील तर कुठेतरी संपर्क घाण आहे. उरतो तो एक प्रकार, करंट जास्त, वेग कमी, मोटर गरम. तिथे वाळलेलं ग्रीस, कार्बनने भरलेला कम्युटेटर (मोटरचा ब्रश ज्यावर घासतो तो फिरता भाग) किंवा म्हातारं झालेलं चुंबक. या सगळ्याला काही मिनिटं लागतात आणि अजून एकही स्क्रू सुटलेला नसतो.

रुळांचं दुखणं इंजिनाच्या माथी मारलं जातं, म्हणून त्यांचाही स्वतंत्र निकाल लावा. नऊ व्होल्टच्या बॅटरीच्या दोन तारा इंजिनाच्या डाव्या-उजव्या चाकांना लावा. तिथे ते सुरळीत फिरलं तर रुळांकडे वळा. श्रावणातल्या दमट हवेत पितळी रूळ लवकर काळवंडतात, लोखंडी तर गंजतात. निकल-सिल्व्हरचे बरे टिकतात, पण धूळ-तेलाचा थर त्यांच्यावरही चढतो. तो अल्कोहोल लावलेल्या सुती फडक्याने पुसा. पॉलिशपेपर नको, त्याने पडलेल्या ओरखड्यांत पुढच्या वेळी जास्त मळ बसतो. सांध्यांची परीक्षा नुसत्या व्होल्टमीटरने होत नाही, कारण करंट वाहत नसताना ढिला सांधाही पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. कारच्या पार्किंग लाइटचा १२ व्होल्ट, ५ वॅटचा दिवा घ्या. तो सुमारे ०.४ अँपिअर ओढतो, म्हणजे साधारण एका इंजिनाएवढा भार. दिवा रुळांना टेकवत पूर्ण फेरी मारा आणि त्याच जागी व्होल्टेज मोजत जा. कंट्रोलरपासून सर्वांत लांबच्या टोकाला एक व्होल्टपेक्षा जास्त पडलं तर तिथे वायरची आणखी एक जोडी सोल्डर करा. मखराच्या मागे हात जात नाही, त्यामुळे हे काम मखर उभं राहण्याआधीच.

पुढे पिकअप. चाकांवर काळा कडक थर असतो, तो नखाने निघत नाही. टिश्यू पेपर अल्कोहोलने भिजवून रुळांवर आडवा घाला, इंजिनाची अर्धी चाकं कागदावर आणि अर्धी उघड्या रुळावर ठेवून इंजिन हाताने धरा व वीज द्या. कागदावरची चाकं जागच्या जागी फिरून स्वतःच स्वच्छ होतात. मग इंजिन उलट फिरवून उरलेली. रबरी टायर बसवलेल्या चाकांना हे करू नका, आणि त्या चाकांतून वीज येत नाही हेही लक्षात असू द्या. चार चाकांच्या लहान इंजिनात दोन चाकांना रबर असेल तर ते पॉइंटच्या, म्हणजे गाडी रूळ बदलते त्या जागेच्या, प्लॅस्टिक भागावर थांबणारच. चाकाला टेकणारी फॉस्फर-ब्राँझची पट्टी मागच्या बाजूला हलकेच दाबलेली हवी. जास्त दाबली तर तीच ब्रेकचं काम करते आणि मीटरवर दिसते.

एवढं करूनही मोटर रुसलेलीच असेल, तर आता उघडा. कम्युटेटरच्या फटींत साचलेली कार्बनची पूड टूथपिकने काढा, लोखंडी टोकाने नाही. मग पृष्ठभाग अल्कोहोलने पुसा. तीन पोलच्या मोटरमध्ये कम्युटेटरच्या तीन तुकड्यांपैकी कोणत्याही दोघांमधला रोध साधारण सारखा यायला हवा. एक जोडी वेगळी पडली तर वाइंडिंग गेलं. मोटरला चिकटवलेला छोटा कपॅसिटर, जो जुन्या टीव्हीवर मुंग्या दिसू नयेत म्हणून बसवत, कधीकधी शॉर्ट होतो. मोटर बदलण्याच्या आधी त्याचा एक पाय सोडवून बघा. तेल फक्त बेअरिंगला, एकेक थेंब. कम्युटेटरवर तेल गेलं की ब्रशची पूड त्यात कालवली जाते आणि करंट नको तिथून वाहतो.

यांत्रिक बाजूला सर्वांत फसवा दोष म्हणजे ॲक्सलवरचा तडकलेला प्लॅस्टिक गिअर. इंजिन चालतं, पण प्रत्येक फेऱ्याला टक्-टक् आवाज करतं. भेग डोळ्यांनी दिसत नाही. ॲक्सल जरा वाकवून भिंगातून पाहिली तर दिसते. गोंद या प्लॅस्टिकवर टिकत नाही, गिअर बदलावाच लागतो, आणि म्हणूनच ते तीन आठवडे. वाफेच्या इंजिनात दोन्ही बाजूंचे क्रँक एकमेकांना ९० अंशांत हवेत. वर्म बाजूला करून चेसिस काचेवर ढकला. एका जागी अडली तर कुठलं तरी चाक ॲक्सलवर सरकलेलं आहे किंवा रॉड वाकलेला आहे. पॉइंटवर घसरणाऱ्या इंजिनाच्या चाकांमधलं आतलं अंतर व्हर्निअरने मोजा: एचओ-ओओत ते १४.४ मिमीच्या आसपास हवं.

इंजिनात डिजिटल डीकोडर (रुळांतून येणारे आदेश वाचून मोटर चालवणारं सर्किट) असेल तर एक सोपी युक्ती आहे. डीकोडर काढून त्याच्या सॉकेटमध्ये सोबत आलेला साधा प्लग बसवा आणि इंजिन डीसीवर चालवा. चाललं तर मोटर-गिअरचा काही दोष नाही. मग डीकोडर परत लावून प्रोग्रॅमिंग रुळावर (डीकोडरच्या सेटिंग वाचायच्या वेगळ्या रुळावर) सीव्ही १, म्हणजे इंजिनाच्या पत्त्याची सेटिंग, वाचा; पत्ता बदललेला नसेल तर नव्या डीकोडरवर तो ३ असतो. सीव्ही ८ मध्ये ८ लिहिलं की बऱ्याच कंपन्यांचे डीकोडर मूळ स्थितीत येतात, पण तुमच्या डीकोडरचा कागद आधी वाचा.

मोटरच्या कोणत्याही पुस्तिकेत नसलेले शत्रू मात्र गणपतीच्या खोलीतच असतात. कापसाची वस्त्रं आणि वाती यांचे धागे ॲक्सलभोवती गुंडाळले जातात आणि गिअरबॉक्समध्ये शिरतात. मीटरवर ते रोज थोड्या वाढणाऱ्या करंटने कळतात. जरीचा किंवा चमकीचा एक तुकडा दोन रुळांवर आडवा पडला तरी शॉर्ट होतो. म्हणून जरीची माळ रुळांपासून वीतभर दूर, आणि अगरबत्तीचं घर फेरीच्या बाहेर. अक्षता इंजिनाला रुळावरून सहज उतरवतात. आरतीच्या वेळी कंट्रोलर बंद ठेवा, नंतर मऊ ब्रशने रूळ झाडा, मगच गाडी सोडा. धावती गाडी हाताने धरून थांबवायची हौस प्रत्येक लहान मुलाला असते, त्यांना रागावून उपयोग नाही. कंट्रोलरच्या वाटेत आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज बसवा.

शेवटी, मूर्ती येण्याच्या दोन-तीन दिवस आधी ठरलेले डबे लावून गाडी सलग दोन तास चालवा. दर पंधरा मिनिटांनी मीटर बघा, बॉडीला हात लावून बघा. बोट टेकवत नाही इतकी गरम झाली तर डबे कमी करा, आणि दोन इंजिनं पाळीपाळीने चालवायचं ठरवा. दोन्ही इंजिनांचे त्या दिवशीचे आकडे कंट्रोलरच्या पाठीला चिठ्ठीवर चिकटवा. उत्सवात आपण मोदक वळत असताना गाडी सांभाळणाऱ्या चुलतभावाला एवढंच सांगायचं, की काटा त्या आकड्याच्या दीडपट गेला तर हे इंजिन उचल आणि दुसरं ठेव.