शिवजयंतीच्या घाईआधी: मशीन मध्येच बंद पडत असेल तर हाताशी काय ठेवावं

बेळगावात शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेला होते आणि मग चित्ररथांची मिरवणूक निघते. देखाव्यांचे पडदे, ट्रॉलीच्या बाजूची छपाई, कमानी, सगळं काम त्याआधीच्या आठ-दहा दिवसांत अंगावर येतं. वळीवही याच दिवसांत येतो. दुपारनंतर आभाळ भरतं, वारा सुटतो, लाइट दोनदा जाऊन येते. वर्षभर मुकाट चालणारं मोठं प्रिंटिंग मशीन नेमकं तेव्हाच पडदा अर्धा छापून बंद पडतं. निपाणी, खानापूर, चिक्कोडीकडच्या दुकानदारांचे फोन येतात ते एकाच वाक्याचे: "मशीन सारखं बंद पडालंय." कारण मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळं निघतं. म्हणून गर्दी सुरू व्हायच्या पंधरा दिवस आधी काय तयार ठेवायचं, ते इथं सविस्तर लिहितो.

माझ्याकडचा इकोसॉल्व्हंट (सॉल्व्हंट शाईने विनाइल-फ्लेक्सवर छापणारा) प्रिंटर एका हंगामात असाच चार दिवस बंद पडत राहिला. घाबरून मी मेनबोर्ड बदलून घेतला. नवा बोर्ड बसल्यावर दुसऱ्याच तासाला मशीन पुन्हा बंद. शेवटी वायरमनने डीबी, म्हणजे एमसीबींची पेटी उघडली, तर न्यूट्रलचा स्क्रू सैल होऊन वायर काळी पडली होती. स्क्रूचं काम दहा मिनिटांचं. पण त्या चार दिवसांत एका रात्री शाई फवारणारं हेड उघडंच राहिलं आणि त्याची निम्मी नोझल, म्हणजे शाईची बारीक छिद्रं, कायमची गेली. बोर्डापेक्षा त्या हेडचं मला जास्त वाईट वाटतं, कारण ते सहज वाचलं असतं.

म्हणून पहिली तयारी हेडची. मशीन चालू असताना बंद पडलं की हेड घेऊन सरकणारं कॅरेज मधेच कुठंतरी थांबलेलं असतं आणि हेडखाली त्याला ओलं ठेवणारी कॅप नसते. इकोसॉल्व्हंट शाई उघड्या नोझलवर लवकर घट्ट होते, त्यात हीटरने बेड (ज्यावर छपाई होते तो पृष्ठभाग) गरम असेल तर आणखी लवकर. मशीनजवळच्या कप्प्यात फ्लशिंगची (हेड धुवायच्या द्रवाची) बाटली, इंजेक्शनची सिरिंज, धागे न सुटणारं कापड, हातमोजे आणि टॉर्च कायम ठेवा. टॉर्च विसरू नका, लाइट गेल्यावरच ती लागते. बंद पडल्याबरोबर स्विच बंद करून प्लग काढायचा, मीडियाची (छपाईच्या रोलची) कड वर उचललेली नाही ना ते बघायचं आणि कॅरेज हाताने हळूहळू कॅपिंगवर न्यायचं. बऱ्याच मशीनमध्ये वीज नसताना ते हाताने सरकतं. सरकत नसेल तर जोर करू नका. काही मशीनमध्ये कॅरेजला कुलूप असतं आणि ते सोडवायची पद्धत मॅन्युअलमध्ये दिलेली असते, त्या पानाचा फोटो आजच मोबाइलमध्ये घ्या. कॅपमध्ये फ्लशिंगचे काही थेंब टाकून हेड त्यावर बसलं की मग कारण शोधायला वेळच वेळ आहे. घाईत हेडची रिबन केबल काढून-घालून बघायचा मोह होतो. वीज चालू असताना ती केबल हलवली तर हेड आणि बोर्ड दोन्ही जळू शकतात. प्लग काढल्यावरही काही मिनिटं थांबायचं.

दुसरी वस्तू स्वस्तातली: एक वही आणि दोरीने बांधलेलं पेन, मशीनलाच अडकवलेलं. मशीन का बंद पडलं हे तुम्हाला लगेच कळणार नाही, पण कसं बंद पडलं हे फक्त तुमच्याच ऑपरेटरनं पाहिलेलं असतं. टेक्निशियन कोल्हापूरहून किंवा हुबळीहून येईपर्यंत ते कुणाच्याच लक्षात राहत नाही. म्हणून त्याच क्षणी लिहायचं: वेळ काय, चालू करून किती मिनिटं झाली होती, हीटर चालू होता का, कॅरेज कुठल्या टोकाला होतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, काय काय पेटलेलं राहिलं. दुकानातली ट्यूबही गेली तर प्रश्न मशीनचा नाहीच. ट्यूब आहे पण मशीन पूर्ण काळोखात गेलं, तर एमसीबी (जास्त लोड आला की पडणारा स्विच) पडला का ते बघा. पडला नसेल तर प्लग, फ्यूज, इमर्जन्सी बटण किंवा मशीनचा पॉवर सप्लाय, म्हणजे एसएमपीएस. पॅनल क्षणभर विझून आपोआप पुन्हा सुरू झालं, तर व्होल्टेज खाली जाऊन बोर्ड रिसेट झालाय. पॅनल पेटलेलं आहे, पंखेही फिरतायत, फक्त छपाई थांबलीय, तर ते बंद पडणं नव्हे. तिथं कॉम्प्युटर, केबल किंवा सेन्सर बघायचा. या चार गोष्टींना आपण एकच शब्द वापरतो आणि तिथंच पैसे वाया जातात.

वहीत चार-पाच नोंदी झाल्या की त्यातूनच रीत दिसायला लागते. दर वेळी चाळीस-पन्नास मिनिटांनी बंद, मग तासभर थंड झालं की नीट चालतं, असं असेल तर उष्णता. एसएमपीएसचा पंखा शाईच्या तुषारांनी आणि धुळीने जाम झालेला असतो, आतलं तापमान वाढतं आणि तो स्वतःला वाचवायला बंद होतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये हे हमखास होतं. कॅरेज एकाच टोकाला गेलं की बंद, तर कॅरेजसोबत वाकणाऱ्या केबल चेनमधली वायर आतून तुटत आलीय. हीटर सुरू झाला की बंद, तर लोड. आणि पावसाळी हवेत हीटर लावल्याबरोबर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पडणारा स्विच) पडत असेल, तर हीटरमध्ये ओल शिरून गळती होतेय. अशा वेळी काही जण आरसीसीबीच काढून थेट जोडतात. ते कृपा करून करू नका, धातूच्या बेडला ऑपरेटरचा हात दिवसभर लागत असतो.

आता वीज. बोर्डावर संशय घेण्याआधी एक दिवस इथं घाला. मल्टीमीटर हवा, आणि ज्याला तो वापरता येतो असा माणूस हवा. मशीनच्या सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल मोजा, आधी सगळं बंद असताना, मग हीटर आणि व्हॅक्यूम (मीडिया बेडला धरून ठेवणारे पंखे) चालू करून. 230 च्या आसपासचा आकडा लोडवर चार-पाच व्होल्ट उतरला तर ठीक. पंधरा-वीस उतरला तर वायर बारीक आहे किंवा कुठंतरी जोड सैल आहे. हीटर 2 किलोवॅटचा असेल तर तो एकटाच जवळजवळ 9 अँपिअर ओढतो. 6 अँपिअरच्या सॉकेटवर किंवा एक्सटेन्शन बोर्डवर हे चालतच नाही. 16 अँपिअरचं सॉकेट, तांब्याची जाड वायर, आणि मशीनला व हीटरला वेगळे एमसीबी. आमच्या डीबीवर कुठला एमसीबी कशाचा आहे याच्या पट्ट्या मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही चिकटवल्यात, कारण रात्री कुठला वायरमन मिळेल सांगता येत नाही.

न्यूट्रल-अर्थ मोजायला विसरू नका. चालू मशीनला हा आकडा दोन-तीन व्होल्टच्या आत असावा. जास्त असेल तर अर्थिंग कोरडं पडलंय किंवा न्यूट्रल बिघडलाय. आपल्याकडच्या जांभ्या जमिनीत एप्रिल-मेपर्यंत अर्थिंगचा खड्डा पार सुकतो. फेब्रुवारीपासून त्यात आठवड्याला पाणी ओता, जोडावरचा गंज काढून नट आवळून घ्या. विनाइल सरकताना स्थिर वीज तयार होते, ती जायला वाट अर्थिंगचीच. वाट नसली तर ती बोर्डात किंवा यूएसबीत शिरते. आणि दुकानातले काही दिवे एकदम प्रखर, काही मंद झाले तर छपाई अर्धी राहू दे, आधी मेन बंद करा. थ्री फेजचा न्यूट्रल सुटल्याची ती खूण आहे, आणि त्यात 230 च्या ठिकाणी पार 400 पर्यंत व्होल्टेज चढू शकतं. मग 1912 वर तक्रार नोंदवून तिचा नंबर वहीत लिहा.

यूपीएस घेताना मशीनच्या पाठीवरची माहितीची पट्टी (मॉडेल, वॅट) वाचा आणि हीटर त्यातून वगळा. हीटर यूपीएसवर टाकला की यूपीएसच ओव्हरलोड होऊन पडतो आणि आपण मशीनला बोल लावतो. 1 केव्हीए म्हणजे 1000 वॅट नव्हे. पॉवर फॅक्टर 0.8 असेल तर हातात 800 वॅटच येतात. 'ऑनलाइन' प्रकारचा, शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस हवा. घरगुती चौकोनी वेव्हच्या इन्व्हर्टरवर हे मशीन लावू नये. रिलेचा स्टॅबिलायझर टकटक करत पायऱ्या बदलतो तेव्हा क्षणभर पुरवठा तुटतो. वहीतल्या बंदच्या वेळा आणि ती टकटक जुळत असतील तर कारण सापडलं. माझं मत विचाराल तर, दुकान लहान असलं तरी नव्या मीडियाच्या चार रोलांचे पैसे आधी यूपीएसमध्ये घाला. यूपीएस तास-दोन तास छापायला नसतो, हेड कॅपवर नेऊन मशीन रीतसर बंद करण्याइतका वेळ मिळाला तरी पुष्कळ.

मशीनच्या आत फार खोल जायचं काम आपलं नाही. प्लग काढून पंखे ब्लोअरने साफ करणं, केबल चेन हाताने वाकवून बघणं, प्लग-सॉकेटवर वितळल्याची खूण शोधणं, इमर्जन्सी बटण आणि झाकणाचे स्विच सैल नाहीत ना पाहणं, एवढं करावं. एनकोडर पट्टी (कॅरेजला जागा सांगणारी बारीक रेघांची पट्टी) मळली तर कॅरेजला जागा कळत नाही, ते कडेला आपटतं, मोटर जास्त करंट ओढते आणि मशीन थांबतं. ती पट्टी हलक्या हाताने मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या द्रवानेच पुसा, शाईच्या सॉल्व्हंटने तिच्यावरच्या रेघा जातात. एसएमपीएस मात्र उघडू नका, प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या वर साठा राहतो. 24 व्होल्टचं आउटपुट कॅरेज हलताना 21-22 पर्यंत बसतंय का, एवढं टेक्निशियनला मोजायला सांगा.

कॉम्प्युटरचं थोडक्यात: स्लीप बंद, यूएसबीची वीजबचत बंद, हंगामभर विंडोजचं आपोआप अपडेट थांबवलेलं, आणि यूएसबी केबल 5 मीटरपेक्षा लांब नको.

कामाचीही तयारी असते. 20 फुटांचा पडदा एका फाइलीत छापू नका. इंचभर ओव्हरलॅप ठेवून पट्ट्यांत तोडा, म्हणजे मधेच वीज गेली तरी एकच पट्टी वाया जाईल. मंडळाची पोरं रात्री अकराला येऊन उभी राहतात, त्यांना निम्मा का होईना पडदा दाखवता येतो.

टेक्निशियनला फोन करताना वहीच्या पानांचे फोटो, मशीनच्या पट्टीचा फोटो, लोडवरचे आणि बिनलोडचे व्होल्टेज, आणि बंद पडतानाचा एखादा व्हिडिओ आधी पाठवा. शंभरेक किलोमीटरवरून येणारा माणूस मग सोबत कुठला पार्ट आणायचा ते ठरवूनच निघतो. दुरुस्ती झाल्यावर त्याला लगेच सोडू नका. नोझल चेक (सगळी नोझल चालतात का ते दाखवणारी छपाई) घ्या, सगळे हीटर लावा आणि वाया गेलेल्या रोलवर सलग तासभर छापा. पूर्वी चाळिसाव्या मिनिटाला बंद पडत असेल तर तो मिनिट त्याच्यासमोर पार पडू दे. त्या वेळचे व्होल्टेज वहीत लिहून घ्या, पुढच्या वैशाखात तेच आकडे शेजारी ठेवून बघता येतील.