मिठाचा पुडा, बीपीचे यंत्र आणि मूत्रपिंडाचा निचरा

कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला क्षारपड जमीन समजावून सांगावी लागत नाही. मिरज, पलूस, वाळवा या भागांत उसाला वाजवीपेक्षा जास्त पाणी दिले आणि निचरा झाला नाही, की मीठ वर येते, हे त्याने आपल्याच रानात पाहिलेले असते. शरीरात क्रम उलटा असतो: मीठ साचले की त्याच्या मागोमाग पाणी थांबते, रक्ताचे आकारमान वाढते आणि दाब चढतो. हा निचरा मूत्रपिंडे करतात. तो कोणाच्या हुकमाने चालतो हे एकदा नीट समजून घेतले, तर पुढची पथ्ये पाठ करावी लागत नाहीत.

मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्याबरोबर जवळजवळ दीड किलो मीठही गाळले जाते. मात्र त्यातले नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक परत रक्तात घेतले जाते आणि लघवीवाटे लिटर-दोन लिटर पाणी व थोडेसे मीठच बाहेर पडते. किती मीठ परत घ्यायचे याची शेवटची बारीक जुळवणी संप्रेरके (हार्मोन्स) करतात. मूत्रपिंडात येणाऱ्या रक्ताचा दाब कमी झाला, तिथल्या नलिकेत मीठ कमी पोहोचले किंवा ताणामुळे मज्जातंतूंनी इशारा दिला, की मूत्रपिंडातून रेनिन नावाचे द्रव्य रक्तात सुटते. १८९८ मध्ये स्वीडनमध्ये टिगरस्टेड आणि बर्गमन या संशोधकांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाच्या शिरेत टोचून दाब वाढतो हे दाखवले आणि त्या द्रव्याला हे नाव दिले. यकृतात तयार झालेल्या एका प्रथिनापासून रेनिन अँजिओटेन्सिन-१ बनवते आणि मुख्यतः फुफ्फुसांतील एक विकर (एन्झाइम) त्याचे अँजिओटेन्सिन-२ करते. हे दुसरे रूप रक्तवाहिन्या आवळते, तहान वाढवते आणि मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींकडून अल्डोस्टेरोन हे संप्रेरक सोडवते. अल्डोस्टेरोन मीठ धरून ठेवते आणि पोटॅशियम बाहेर टाकते. मीठ जास्त खाल्ले की एरवी रेनिन आपोआप कमी होते, पण वय वाढल्यावर किंवा मूत्रपिंडे दुबळी झाल्यावर हा तोल पूर्वीसारखा राहत नाही.

म्हणून पहिले काम मिठाच्या पुड्यापासून सुरू करावे. नवा पुडा फोडताना त्यावर पेनाने तारीख लिहावी आणि तो संपल्यावर दिवस मोजावेत. चार माणसांच्या घरात एक किलोचा पुडा ३० दिवसांत संपला, तर माणशी रोज सुमारे ८.३ ग्रॅम मीठ झाले. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे साधारण एक सपाट चहाचा चमचा, अशी आहे. लोणचे घातले असेल तर तेवढे मीठ वजा करावे; मात्र ते लोणचे पानात येते तेव्हा पुन्हा धरावे; ते न धरण्याची सवलत आपणच आपल्याला देत असतो. भडंग, पापड, फरसाण यांच्या पाकिटांवर सोडियम मिलिग्रॅममध्ये दिलेले असते. त्याला अडीचने गुणावे. शंभर ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. सांगलीकराला भडंग सोडा असे सांगण्याचा मला अधिकार नाही, पण पाकीट हातात घेऊन खाण्याऐवजी वाटीत काढून खावे, एवढे सांगतो.

दाब मोजताना घाई हा मोठा दोष असतो. चहा, तंबाखू आणि व्यायाम यांनंतर अर्धा तास जाऊ द्यावा, लघवीला जाऊन यावे, पाठ टेकून आणि पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे गप्प बसावे. पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या पातळीवर असावा. एक मिनिटाच्या अंतराने दोन नोंदी घ्याव्यात. असे सकाळ-संध्याकाळ सात दिवस करावे आणि पहिला दिवस वगळून सरासरी काढावी. ती १३५/८५ किंवा अधिक आली, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. आकडा १८०/१२० च्या वर असून छातीत दुखणे, धाप लागणे, बोलणे अडखळणे असे काही असेल, तर वही घरीच राहू द्यावी आणि तडक रुग्णालय गाठावे.

गोळ्यांचे नाव पाहिले की ही साखळी कुठे तोडली आहे ते कळते. रॅमिप्रिल, एनालाप्रिल यांसारख्या गोळ्या फुफ्फुसांतील विकर अडवतात, आणि त्यांनीच काहींना कोरडा खोकला येतो. टेलमिसार्टन, लोसार्टन या अँजिओटेन्सिन-२ ला त्याच्या जागी बसू देत नाहीत. मीठ कमी असेल तर या गोळ्यांचा परिणाम वाढतो, त्यामुळे गोळी सुरू आहे म्हणून पापड चालतो हा हिशेब चुकीचा ठरतो. या गोळ्या सुरू केल्यावर डॉक्टर रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे दाखवणारा घटक) आणि पोटॅशियम तपासायला सांगतात. ती तपासणी टाळू नये. गरोदरपणात या गोळ्या चालत नाहीत, म्हणून दिवस राहिल्याची शंका येताच डॉक्टरांना कळवावे.

पोटॅशियमच्याच कारणाने कमी सोडियमचे मीठ घरात आणण्यापूर्वी विचारावे. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असते, आणि या गोळ्या घेणाऱ्याच्या किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याच्या रक्तात ते धोकादायक पातळीपर्यंत साचू शकते. जुलाब-उलट्या होऊन अंगातले पाणी आटले असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून गोळी थांबवायची का ते विचारावे. आणि ऊसतोडीनंतर अंग दुखते म्हणून दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेण्याची सवय असेल, तर तेही वहीत तारखेसह लिहून डॉक्टरांना दाखवावे, कारण बीपीच्या गोळीबरोबर आणि लघवी वाढवणाऱ्या गोळीबरोबर ते आले की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटू शकतो.