एजंटच्या अवतारावर घोडेमोडणीचा घोडा कसा चढवायचा

गोव्यात वाळपईजवळ माझ्या दिराचं होमस्टे आहे. खोली रिकामी आहे का, जेवणात मासे मिळतील का, अशा चौकशांना तिथे आता एआय एजंट उत्तरं देतो. त्याचा चेहरा, म्हणजे अवतार, हे तयार मिळालेलं गुळगुळीत चित्र, कुठल्याही गावात खपेल असं. शिगम्याच्या आधी मी ठरवलं, याला सत्तरी तालुक्यातल्या घोडेमोडणीचा, म्हणजे शिगम्यातल्या घोड्याच्या नाचाचा, वेश घालायचा. मी साखळीची, चित्रं काढते. घोडा आणि तलवार मी स्वतः काढून पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या डिजिटल नोंदवहीत, टोकन (मालकीची नोंद) म्हणून नोंदवली होती, फेटा एका मैत्रिणीकडून विकत घेतला होता.

आपल्या मालकीच्या डिजिटल वस्तू अवतारावर चढवणारं टूल तीन कामं करतं. वॉलेटचा (अशा वस्तूंची किल्ली सांभाळणाऱ्या ॲपचा) पत्ता घेऊन वस्तू तुमचीच आहे ना ते पाहतं, टोकनच्या माहितीतून चित्राचा दुवा काढतं आणि चित्रं एकावर एक रचतं. यात कुठेही वस्तू तुमच्या वॉलेटमधून बाहेर जायची गरज नाही. हे पक्कं लक्षात ठेवा, कारण इथेच माणसं फसतात. मीही फसले होते. एका साइटनं ‘वस्तू वापरण्यासाठी’ म्हणून परवानगी मागितली, मी घाईत दिली. ती परवानगी ‘सेट अप्रूव्हल फॉर ऑल’ होती, म्हणजे त्या संग्रहातली माझी प्रत्येक वस्तू हलवायचा अधिकार. सकाळी उठून पाहते तर दोन चित्रं गेलेली. टूल जोडताना सहीसाठी फक्त लॉगिनचा संदेश यावा: साइटचा पत्ता, तुमच्या वॉलेटचा पत्ता, वेळ, ब्लॉकचेनचा आणि एकदाच वापरायचा क्रमांक. अशा सहीला शुल्क पडत नाही. वेगळं काही दिसलं तर नकार द्या. चुकून परवानगी दिलीच असेल तर ती लगेच मागे घ्या, त्याला थोडं शुल्क लागतं. वेशाच्या वस्तूंसाठी वेगळं वॉलेट ठेवा. ते पुन्हा उघडायचे गुप्त बारा शब्द कुणालाही देऊ नका, एजंटच्या सूचनांतही लिहू नका. उत्तरं देणाऱ्याला किल्ली कशाला हवी?

वस्तू यादीत दिसत नसेल तर आधी साखळी तपासा (आमचं गाव नव्हे, ब्लॉकचेन). पत्ता तोच असला तरी इथेरियम ही दुसरी ब्लॉकचेन वाचणाऱ्या टूलला पॉलिगॉनवरची वस्तू दिसणार नाही.

आता खरं काम, थर. घोडेमोडणीत नाचणारा घोड्यावर बसत नाही, घोडा त्याच्या कमरेला बांधलेला असतो. पुढे लाकडी मान, मागे पाठीचा भाग, मधे माणूस. मी घोडा एकाच चित्रात काढला होता. टूलनं तो कपड्यांच्या वर ठेवला आणि घोड्याची पाठ माणसाच्या पोटावरून गेली. खाली ठेवला तर मान धोतरामागे दडली. शेवटी घोड्याचे दोन तुकडे केले. पाठ आणि शेपटी अंगाच्या मागच्या थरात, मान आणि अलीकडची झूल पुढच्या थरात. लगाम धरलेला हात त्याच्याही वर. टूल एका टोकनमागे एकच चित्र घेत असेल तर दोन टोकनं करावी लागतात, मी तेच केलं.

सगळ्या थरांचा कॅनव्हास एकाच मापाचा हवा. मी २०४८ बाय २०४८ पिक्सेल ठेवते, पारदर्शक पार्श्वभूमीचं पीएनजी. वस्तू कापून छोटी फाइल करू नका, जागा सरकते. पांढऱ्या कागदावरून उचललेल्या चित्राला कडेनं पांढरी रेघ राहते. फेट्यातल्या अबोलीभोवती ती मला गडद पार्श्वभूमीवर दिसली, तेव्हा एकेक पाकळी मोठी करून कडा पुसली.

मैत्रिणीच्या फेट्याबाबत आणखी एक. टोकन विकत घेतलं म्हणजे चित्र धंद्यासाठी वापरायचा हक्क मिळतोच असं नाही. परवान्यात काय लिहिलंय ते वाचा. तिच्या परवान्यात व्यावसायिक वापर नव्हता, म्हणून मी फोन करून लेखी परवानगी घेतली. कलाकाराला विचारायला पाच मिनिटं लागतात.

टूल मालकी पुन्हा पुन्हा तपासत असेल तर वस्तू विकल्यावर ती अवतारावरून आपोआप उतरते. ही सोय चांगली आहे, पण फेटा विकला तर खाली केस नीट काढलेले हवेत, नाहीतर एजंट टकला दिसतो.

छापण्याआधी, म्हणजे साइटवर लावण्याआधी, अवतार चॅटच्या छोट्या गोलात पाहा. आमच्या गोलात घोड्याचे फक्त कान येत होते. मग मी वेगळी चौकट घेतली: फेटा, चेहरा, उगारलेली तलवार आणि खालच्या कडेला घोड्याची मान. पूर्ण घोडा होमस्टेच्या पानावर आहे, पायातल्या घुंगरांसकट.