खिडकीची चौकट निवडताना आधी झडीची दिशा पाहावी

खिडकीला कोणते साहित्य वापरायचे हे ठरवण्यापूर्वी घराभोवती एक चक्कर मारावी आणि कोणती खिडकी कोणत्या दिशेला आहे, तिच्यावर छज्जा आहे की नाही, आणि शेजारच्या इमारतीचा आडोसा तिला मिळतो का, हे कागदावर लिहून काढावे. कोल्हापुरात पावसाळी वारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे त्या बाजूच्या खिडक्या जून ते सप्टेंबर सतत झड सोसतात, तर पूर्वेच्या खिडकीला अनेकदा थेंबही लागत नाही. साऱ्या घराला एकच साहित्य आणि एकच दर लावणे खिडक्या बनवणाऱ्या फॅब्रिकेटरला सोयीचे असते. घरमालकाला ते सोयीचे असेलच असे नाही. पश्चिमेला एक आणि आतल्या बाजूला दुसरे साहित्य वापरण्यात काहीही वावगे नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे जुनी चौकट खरोखर काढायची आहे का, हे तपासणे. मंगळवार पेठ, शिवाजी पेठ यांसारख्या जुन्या वस्त्यांतील घरांत अजूनही सागवानी चौकटी आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच रंगाच्या सहा-सात थरांखाली ठणठणीत आहेत. चौकटीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत, म्हणजे उभे लाकूड जिथे खालच्या आडव्या लाकडाला मिळते तिथे, स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे. आमच्या पश्चिमेच्या खिडकीत ते लोण्यात जावे तसे अर्धा इंच आत गेले आणि बाहेर ओला भुसा आला. त्याच खोलीच्या उत्तरेच्या खिडकीत मात्र नुसता ओरखडा उमटला. पहिली चौकट बदलली, दुसरी घासून, तेल देऊन ठेवली. दाबताना मातकट नळ्या किंवा पोकळ आवाज आढळला, तर वाळवीचा बंदोबस्त आधी करावा आणि चौकटीचा विचार नंतर.

जुन्या घरात आणखी एक धोका असतो. भिंत दगड-मातीची किंवा मातीच्या गाऱ्यात बांधलेल्या विटांची असेल, तर खिडकीवर भार पेलणारे सिमेंटचे आडवे लिंटल नसण्याची शक्यता असते आणि वरच्या बांधकामाचा भार लाकडी फळ्यांवर व काही अंशी चौकटीवरच आलेला असतो. अशी चौकट टेकू न देता उपटल्यास वरची भिंत ढासळू शकते. शिवाय मातीच्या भिंतीत नव्या चौकटीचे स्क्रू नीट धरत नाहीत. अशा ठिकाणी जुने लाकूड शाबूत असेल तर ते तसेच ठेवून त्याच्या आत नवी चौकट बसवणे अधिक शहाणपणाचे ठरते. उजेड दोन-तीन इंच कमी होतो, पण भिंत जागेवर राहते.

आता साहित्याकडे वळू. सागवान पाऊस सोसते, कारण त्याच्यात नैसर्गिक तेल असते. मात्र ते पक्के आणि पूर्ण वाळलेले असावे. फिकट, पांढुरका भाग असलेले लाकूड 'सागवानच आहे' असे सांगून दिले जाते आणि ते खोटेही नसते, फक्त तो झाडाच्या बाहेरच्या थराचा भाग असतो आणि कीड आधी त्यालाच लागते. टिंबर मार्केटात घनफुटाचा भाव विचारण्याआधी लाकूड कापून किती दिवस झाले, हे विचारावे. पावसाळ्यात कापलेल्या लाकडाची चौकट उन्हाळ्यात आखडते आणि झडपेत बोटभर फट पडते. लाकडाला दर दोन-तीन वर्षांनी रंग किंवा पॉलिश लागते. ते करण्याची तयारी नसेल तर लाकूड घेऊ नये, एवढे स्पष्ट सांगतो.

लोखंडी खिडक्या स्वस्त आणि मजबूत असतात, पण गंज रोखणाऱ्या रेड ऑक्साइड रंगाचा हात कोपऱ्यांत आणि काचेच्या पुट्टीखाली नीट पोहोचत नाही आणि गंज तिथूनच सुरू होतो. झडीच्या बाजूला त्या टाळाव्यात. लोखंड ग्रिलसाठी ठेवावे आणि ग्रिल भिंतीत बसवावे, खिडकीच्या चौकटीवर नव्हे.

खरी निवड बहुतेकांना अ‍ॅल्युमिनियम आणि यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिक, यांच्यातच करावी लागते. यूपीव्हीसीची कीर्ती मोठ्या प्रमाणात किनाऱ्यावर तयार झाली आहे, कारण खाऱ्या हवेत धातू लवकर खराब होतो. 'यूपीव्हीसीच घ्या' हा रत्नागिरीच्या पाहुण्यांचा सल्ला त्यांच्या गावी योग्यच आहे. कोल्हापूर मात्र घाटमाथ्याच्या अलीकडे आहे आणि येथे चांगले पावडर कोटिंग केलेले अ‍ॅल्युमिनियम अनेक वर्षे तक्रार करत नाही. अ‍ॅल्युमिनियममधून उष्णता यूपीव्हीसीच्या जवळपास हजारपट सहज वाहते, हा विक्रेत्यांचा मुद्दा खरा आहे. पण ज्या घरात एसी नाही आणि उन्हाळ्यात खिडक्या दिवसभर उघड्याच असतात, तिथे त्या गुणाचे पैसे कशाला मोजायचे? तो पैसा छज्जा वाढवण्यासाठी वापरलेला बरा. एसीची बेडरूम किंवा वर्दळीच्या रस्त्याकडची खोली असेल, तर यूपीव्हीसी आणि दुहेरी काच यांचा विचार अवश्य करावा, कारण त्याच्या चौकटीचे कोपरे वितळवून जोडलेले असतात आणि रबरी गॅस्केट घट्ट बसल्यास आवाज व धूळ दोन्ही कमी होतात. उद्यमनगरच्या कारखान्यांच्या परिसरात राहणाऱ्यांना धुळीचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

यूपीव्हीसी घेताना चुंबक सोबत न्यावा. हे प्लास्टिक एकटे मोठी काच पेलू शकत नाही, म्हणून त्याच्या पोकळीत जस्त चढवलेल्या पोलादाची पट्टी घालावी लागते, आणि नेमकी तीच पट्टी वाचवली जाते. चौकटीच्या चारही बाजूंवर चुंबक फिरवून तो कुठे ओढला जातो आणि कुठे नाही ते पाहावे. शिवाय यूपीव्हीसी उन्हाने लोखंडाच्या कित्येक पट प्रसरण पावते. पाच फुटी चौकट थंडीतल्या पहाटेपासून मे महिन्यातल्या दुपारपर्यंत सुमारे ३ मिलिमीटर, म्हणजे सुताराच्या हिशेबाने एक सूत, वाढते. त्यामुळे भिंत आणि चौकट यांच्यात चहूबाजूंनी सुमारे ५ मिलिमीटर जागा ठेवून ती सिलिकॉनने भरणे आवश्यक असते. गवंड्याने सिमेंटने घट्ट दाबून टाकल्यास उन्हाळ्यात चौकट वाकते आणि झडपा अडकतात. गडद रंगाची चौकट जास्त तापते, म्हणून पश्चिमेला पांढरी बरी.

अ‍ॅल्युमिनियमच्या बाबतीत दर विचारताना सेक्शनची, म्हणजे चौकटीच्या पोकळ पट्टीच्या पत्र्याची, जाडी मिलिमीटरमध्ये लिहून घ्यावी आणि कापलेला तुकडा हातात घेऊन पाहावा. एकाच दिसण्याच्या दोन खिडक्यांच्या चौरस फुटाच्या भावात फरक असतो तो बहुधा जाडीचा आणि सरकत्या झडपेखालच्या चाकांचा.

सरकती खिडकी घ्यावी की बिजागरीची, हा प्रश्न साहित्याइतकाच महत्त्वाचा आहे. बिजागरीची झडप बंद होताना गॅस्केटवर दाबली जाते, म्हणून झडीच्या बाजूला ती अधिक भरवशाची असते. सरकत्या खिडकीच्या रुळात पाणी साचणारच, ते बाहेर जाण्यासाठी रुळाला बाहेरच्या बाजूने भोके असतात. आमच्याकडे बाहेरचा गिलावा करताना ती सगळी भोके सिमेंटने बुजली. जुलैच्या एका रात्री रूळ भरून पाणी आत आले आणि सकाळी गादी पिळून काढावी लागली. तेव्हापासून मी कोणत्याही नव्या खिडकीच्या रुळात तांब्याभर पाणी ओतून ते मिनिटाभरात बाहेर पडते का, हे पाहिल्याशिवाय काम संपले असे मानत नाही.

पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याची ४३ फुटांची धोका पातळी ज्यांना तोंडपाठ आहे, म्हणजे शाहूपुरी, सुतारवाडा अशा भागांत २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांच्या घरात पाणी आले, त्यांनी तळमजल्यावर लाकूड आणि प्लायवूड दोन्ही टाळावे. ग्रॅनाइटची चौकट आणि तिच्यात अ‍ॅल्युमिनियमच्या झडपा ही जोडी तिथे सोयीची पडते, कारण गाळ पाइपच्या धारेने धुऊन निघतो. यूपीव्हीसीच्या पोकळ्यांत शिरलेला गाळ तसा सहज निघत नाही. ग्रॅनाइटच्या सिलला, म्हणजे खिडकीखालच्या आडव्या फरशीला, बाहेरच्या बाजूस उतार हवा, आणि भिंतीबाहेर आलेल्या तिच्या भागाखाली लांबीभर खाच मारून घ्यावी, म्हणजे पाणी उलटे वळून भिंतीत न मुरता तिथूनच टपकते.

माप गिलावा झाल्यावरच द्यावे. रुंदी वर, मध्ये आणि खाली, तशीच उंची तीन ठिकाणी मोजून सर्वांत लहान आकडा धरावा, आणि दोन्ही कर्ण मोजावेत. त्यांत अर्ध्या इंचाहून जास्त फरक असेल तर आधी खिडकीचे भोक गुण्यात, म्हणजे काटकोनात, आणून घ्यावे. ऑर्डर एप्रिलमध्येच द्यावी, कारण मेअखेरीस सगळ्यांनाच घाई होते. शेवटचा हप्ता मात्र बाहेरून पाच-दहा मिनिटे पाइपने पाणी मारून आतली भिंत कोरडी राहिल्याचे हाताने चाचपून पाहिल्यावरच द्यावा.