समोरून स्कूल बस येते तेव्हा: रेकफेस्ट ऑनलाइन

रेकफेस्ट हा गाड्यांचा व्हिडिओ गेम खेळताना माझ्या पुतण्याचं एकच गाऱ्हाणं: "काका, बसवाल्यापुढे आपलं काय चालणार?" चालतं, पण आधी बसचं गणित कळलं पाहिजे.

रेकफेस्ट हा हेलसिंकीच्या बगबेअर स्टुडिओचा खेळ, पीसीवर २०१८ मध्ये पूर्ण स्वरूपात आला. यात गाड्या ठोकणं हाच खेळ आहे. त्यामुळे डर्बीत, म्हणजे एकमेकांना ठोकून शेवटपर्यंत टिकण्याच्या सामन्यात, कुणी बस किंवा हार्वेस्टर घेऊन अंगावर आला तर तक्रार करू नका. शर्यतीत मात्र उलट्या दिशेने येऊन पहिल्या नंबरवाल्याला टिपणं मला अजिबात मान्य नाही. सगळ्यांनी मन लावून काढलेले लॅप त्यात फुकट जातात.

आता गणित. समजा बस दहा टनांची, तुमची गाडी एक टनाची, आणि दोघंही ताशी ६० किमीने समोरासमोर. आदळून एकमेकांत अडकलात तर दोन्ही गाड्या बसच्याच दिशेने साधारण ४९ च्या वेगाने जातील. बसचा वेग ११ ने घटला, तुमचा १०९ ने बदलला. म्हणून गाडीला कितीही जाड बंपर आणि रोल केज (आतला लोखंडी सांगाडा) लावलात तरी समोरासमोरची धडक घेऊ नका. शिवाय त्या लोखंडाचं वजन वळणावर तुम्हालाच नडतं.

बसला वेग घ्यायला जागा लागते आणि ती पटकन वळत नाही. ती येताना दिसली की आधी एका बाजूला सरका, बसवाला तिकडे वळू लागला की दुसरीकडून निघा. स्टिअरिंग थोडंच फिरवा. घाबरून पूर्ण फिरवलंत तर गाडी आडवी होते आणि दाराची बाजू त्याच्या पुढ्यात येते.

आपल्याकडून युरोपातल्या सर्व्हरवर खेळताना पिंगचा, म्हणजे इंटरनेटवरून माहिती जाऊन यायला लागणाऱ्या वेळेचा, हिशेब धरायलाच हवा. वरच्याच वेगात दोन गाड्यांमधलं अंतर सेकंदाला ३३ मीटरने कमी होतं. ०.२ सेकंदाचा उशीर म्हणजे साडेसहा मीटर, एका गाडीच्या लांबीपेक्षा जास्त. पडद्यावर "आता वळू" वाटतं त्याच्या जरा आधीच वळा.

धडक टळतच नसेल तर ती तिरकी घ्या. डर्बीत शक्यतो मागची बाजू पुढे करा, कारण बहुतेक गाड्यांचं इंजिन आणि रेडिएटर पुढे असतात. आठच्या आकड्याच्या ट्रॅकवर चौकाआधी ॲक्सिलरेटर सोडा आणि आडवं कोण येतंय ते बघा. तिथे गेलेलं अर्धं सेकंद भरून निघतं, मोडलेलं चाक नाही.

बाकी खेळांत नियम वेगळे. जीटीए ऑनलाइनमध्ये होस्टला शर्यत नॉन-कॉन्टॅक्ट, म्हणजे गाड्या एकमेकींना लागणारच नाहीत अशी, ठेवता येते. आयरेसिंगमध्ये डांबरी ट्रॅकवर दुसऱ्या गाडीला जोरात धडकलात तर चार इन्सिडेंट पॉइंट (चुकांचे गुण) लागतात, आणि कुणी मुद्दाम ठोकलं तर रीप्ले जोडून प्रोटेस्ट, म्हणजे तक्रार, करता येतो.

मित्रांसाठी रेकफेस्टचा स्वतःचा सर्व्हर चालवत असाल तर शर्यतीच्या दिवशी बस, हार्वेस्टर अशा स्पेशल गाड्या बंद ठेवा आणि सगळ्यांना एकाच क्लासच्या गाड्या घ्यायला लावा. बसवाल्यांसाठी वेगळी डर्बी ठेवा. त्यात मीही बसच घेतो.